माघात टाकलेलं रोप

पिंपरी-चिंचवड म्हटलं की डोळ्यांपुढे कारखान्यांचे भोंगे, शिफ्टच्या बसगाड्या आणि ट्रकच्या रांगा येतात. चाकण म्हटलं की मोटारींचे कारखाने. या पट्ट्याबद्दल बोलताना बी, वाफा, रोप हे शब्द सहसा कुणी काढत नाही. पण जानेवारी सरत आला, थंडीचा जोर ओसरू लागला, की निगडी-प्राधिकरणात, आकुर्डीत, चिंचवडच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर एक शांत लगबग सुरू होते. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोकं पाडली जातात, माती-शेणखत चाळलं जातं आणि मिरची, वांगी, टोमॅटोचं रोप टाकलं जातं. बागप्रेमी मंडळांच्या बैठकीत कागदाच्या पुड्या या हातातून त्या हातात जातात. अशाच एका मंडळात मी अनेक वर्षं जातो. इतिहासाची आवड असल्यामुळे मला प्रश्न पडला, की हे इथं कधीपासून चालत आलं असेल? त्याचं उत्तर शोधायला जवळजवळ दोनशे वर्षं मागं जावं लागतं, आणि तेही पुण्यात नव्हे, तर दापोडीला.

त्याआधी थोडं हंगामाविषयी. थंड देशांतही हिवाळा संपता संपता रोपं टाकतात. न्यू जर्सीत राहणारी आपली माणसं फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरचीची, टोमॅटोची रोपं घरात खिडकीपाशी वाढवतात आणि बाहेरचं शेवटचं हिम सरण्याची वाट बघतात. तिथं रोपाला जपायचं ते थंडीपासून. आपल्याकडे गणित उलटं आहे. इथं शर्यत असते ती उन्हाशी. चैत्राचं ऊन तापण्यापूर्वी रोपानं मूळ धरलं पाहिजे. मात्र पौषातल्या गार रात्रींत मिरचीचं बी लवकर उगवत नाही. म्हणून या दोहोंच्या मधला माघाचा काळ महत्त्वाचा. फार घाई करून चालत नाही आणि उशीर झाला तर कोवळं रोप उन्हानं माना टाकतं. हे शहाणपण कुठल्या एका पुस्तकातून आलेलं नाही. ते दोन वाटांनी आलं. एक वाट सरकारी बागेची, दुसरी शेतकऱ्याच्या घराची.

पहिली वाट दापोडीची. आज दापोडी म्हणजे एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत इथं कॅप्टन फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याची पलटण होती आणि नदीकाठी त्याचा बंगला होता. पुढं हा बंगला मुंबईच्या गव्हर्नरसाठी घेण्यात आला. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८२८ साली, त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. शोभेची झाडं एवढाच त्याचा हेतू नव्हता. बाहेरदेशीची उपयोगी पिकं इथं लावून पाहायची, जगली तर त्यांचं बी आणि रोपं लोकांना द्यायची, असा तो व्यवहार होता. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. तो १८६९ साली खुला झाला. विलायतेहून निघालेलं बी आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने जहाजातली दमट हवा खाऊन मुंबईला पोचायचं. त्यातलं उगवेल ते आपलं. म्हणूनच, एकदा उगवलेल्या झाडाचं बी इथंच धरून पुन्हा पेरणं याला फार मोल होतं.

१८३८ पासून या उद्यानाचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश सर्जनकडे होता. पुढं १८४७ मध्ये हाच गृहस्थ मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जुन्नरच्या बाजूला हिवरे इथं त्यानं औषधी वनस्पतींची बाग केली आणि तिथून सरकारी दवाखान्यांना औषधं जात. दापोडीच्या बागेतल्या वनस्पतींची त्यानं एका इथल्या चित्रकाराकडून चित्रंही काढून घेतली. ही चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि त्यांवर हेन्री नोल्टी या अभ्यासकाचा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला आहे. पण गंमत पाहा, गिब्सनचं नाव राहिलं, झाडांची लॅटिन नावं राहिली, चित्रकाराचं नाव मात्र राहिलं नाही. आणि ज्यांनी ते बी भिजवलं, वाफे केले, पहाटे उठून रोपांना झारीनं पाणी घातलं, त्या माळ्यांची नावं तर कुणी विचारलीही नसतील. दापोडी, बोपोडी, सांगवीच्या वस्तीतलीच ही माणसं असणार. कुठलं बी राखेत घोळून ठेवायचं, कुठलं रात्रभर भिजवायचं, मुंग्या लागू नयेत म्हणून वाफ्याच्या कडेनं काय टाकायचं, हे ज्ञान त्यांच्या हातांत होतं आणि ते त्यांच्याबरोबर घरी जात होतं.

१८६० च्या दशकात गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीला हलला आणि दापोडीची बाग मोडली. तिचा वारसा १८७३ मध्ये सुरू झालेल्या गणेशखिंडीच्या उद्यानाकडे गेला. या उद्यानाला २०२० साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिकडे १८३० साली स्थापन झालेल्या कृषी-उद्यान संस्थेनं एम्प्रेस गार्डन सांभाळलं आणि जानेवारीतलं तिथलं पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या अंगवळणी पडलं. पुढं पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या उद्यान विभागानंही फळं, फुलं आणि भाजीपाल्याची प्रदर्शनं आणि बाग स्पर्धा भरवल्या. प्रदर्शनं चांगलीच. पण एक गोष्ट मला नेहमी जाणवते. स्पर्धेत फुललेली कुंडी येते, तिचं रोप येत नाही. बक्षीस मिळतं ते डेलियाला. चार महिन्यांपूर्वी ज्यानं रोप जगवलं त्याचं कसब टेबलावर मांडता येत नाही.

दुसरी वाट शेतकऱ्याच्या घराची. वेलीवरचा चांगला भोपळा खायला न काढता बियांसाठी राखायचा, मक्याची कणसं आढ्याला टांगायची, घेवड्याच्या बिया गाडग्यात राख घालून ठेवायच्या, ही कामं बहुतेक घरातल्या बायकाच करत. बाहेरचं पीकही या घरांनी आपलंसं केलं. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पण १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये खेड-जुन्नरच्या बटाट्याची नोंद आहे. सरकारी बाग मोडली तरी पीक मोडलं नाही, ते शेतकऱ्यांनी आपसात वाटून घेतल्यामुळे.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या आकाशवाणीमुळे, असं म्हटलं तर वावगं ठरू नये. पुणे केंद्र सुरू झालं १९५३ साली. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे नेमका हिवाळा सरताना, या केंद्रावरून एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या मदतीनं तत्कालीन मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतामंडळं स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि पटलेलं करून पाहत. मंडळाच्या शंका केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत येत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली. तिच्यातला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, त्यांच्यापेक्षा मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत पडलेली भर कितीतरी जास्त होती. माहिती एकट्यानं ऐकली तर कानावरून जाते, चौघांत बसून बोललं की हातात उतरते.

नेमक्या याच सुमारास पिंपरीचं रूप पालटू लागलं. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्यामागून टेल्कोसारखे मोठे कारखाने आले. भोसरी, आकुर्डी, निगडी, चिखलीची शेतं संपादनात गेली. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी कारखान्याच्या उजाड जमिनीवर झाडं लावली, तळं केलं. ती हिरवाई अजून सांगितली जाते. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून माणसं कामाला आली. त्यांच्या ट्रंकेत कपड्यांबरोबर गावच्या मिरचीच्या, घेवड्याच्या बिया होत्या. १९६५ मध्ये अन्नटंचाईच्या काळात लालबहादूर शास्त्रींनी स्वतःच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला, त्यानंतर क्वार्टरच्या मागच्या चार हात जागेत भाजी लावणं हे नुसता छंद राहिलं नाही, त्याला देशकार्याचा मान आला.

या कारखान्यांचा बियांशी आणखी एक संबंध आला, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. पेनिसिलिन बनवणाऱ्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं शेतीसाठीही औषधं काढली. त्यांतलं स्ट्रेप्टोसायक्लिन महाराष्ट्रभर गेलं. कोबीच्या घाण्या रोगावर उपाय म्हणून बी त्याच्या द्रावणात बुडवून पेरायची शिफारस शेतीच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं होती. माणसाला वाचवणारं औषध रोपालाही वाचवू लागलं. पण अशा औषधांचा सरसकट वापर झाला की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, हेही पुढं कळलं आणि केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये शेतीतल्या या औषधावर बंदी घालण्याचा मसुदा काढला. गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्यांनी तर या वाटेला न गेलेलंच बरं. स्वच्छ माती, पाण्याचा निचरा, मोकळी हवा आणि बेताचं पाणी यांवर रोपांचे बरेचसे आजार टळतात.

आता चाकणकडे वळू. १९९९ साली बजाजचा आणि २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना इथं आला. पण चाकणच्या बाजाराची ओळख त्याआधीपासून कांद्याची. भीमाकाठच्या राजगुरुनगरला, म्हणजे जुन्या खेडला, १९९८ मध्ये कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र नाशिकहून आलं. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर ही तिथल्या वाणांची नावं या नदीवरूनच आली. आज जे सांगायचं आहे ते कांद्याच्या बियाइतकं दुसरं कुठलंच बी चांगलं सांगत नाही. कांद्याचं बी एका वर्षात धरता येत नाही. पहिल्या वर्षी कांदा येतो. तो निवडून, जपून, पावसाळ्यानंतर पुन्हा मातीत लावायचा. मग हिवाळ्याच्या अखेरीस त्याला डेंगळे येतात, पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्या घोंगावतात आणि उन्हाळ्यात काळं बी हाती लागतं. इतकं करून ते बी साध्या घरात जेमतेम वर्षभर टिकतं. एक हंगाम पेरायचा चुकला की बऱ्याचशा बियांची उगवणशक्ती जाते. म्हणजे घरातला जुना वाण कपाटात राखता येत नाही, तो पेरूनच राखावा लागतो. आणि ज्याची जमीनच कारखान्याखाली गेली, त्यानं तो पेरायचा कुठं?

इथं मला बागप्रेमी मंडळांचं खरं काम दिसतं. आमच्या मंडळात एका बाईंनी मराठवाड्यातल्या माहेरचा घेवडा तीन कुंड्यांत जगवला आहे. गावी तो आता कुणी लावत नाही. गेल्या काही वर्षांत त्याच्या बिया अकरा घरांत गेल्या. उद्या त्यांच्या गच्चीवर कीड पडली, घर बदललं, तरी वाण दहा ठिकाणी राहील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं, गावठी बियांची बँक उभारली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदाही याच्या आड येत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला, त्यात शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र बी धरताना एवढं पाहावं, की झाड संकरित पाकिटातलं नसावं. संकरिताच्या पुढच्या पिढीत आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत.

अडचणी आहेतच. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा रोज दोनदा ओलावा मागणाऱ्या रोपांचं काय करायचं हा प्रश्न आमच्या बैठकीत आला होता. उत्तर बैठकीतच मिळालं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी साठवायचं, रोपांवर गोणपाटाची सावली धरायची, सकाळचं पाणी झारीनं थोडं थोडं द्यायचं. लावणीच्या आधी आठवडाभर पाणी कमी करून रोप काटक करायचं, हेही तिथंच एका जुन्या शेतकऱ्यानं सांगितलं. त्याचं शेत कधीच गेलं, पण हाताची सवय गेलेली नाही.

आपल्या शेजारी देहूला फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज होते. तिथं 'बीज' म्हणजे द्वितीया तिथी, बियाणं नव्हे. हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. त्याच दिवसांत माघात टाकलेलं रोप लावणीला येतं. यंदा मिरचीचं रोप टाकाल तेव्हा गरजेपेक्षा चार जास्त टाका आणि ती शेजारी द्या. सोबत ते बी कुणाकडून आलं हेही सांगा. दापोडीच्या माळ्यांची नावं आपण हरवली. निदान ज्यांच्या हातून आपल्याला बी मिळालं, त्यांची नावं बियांच्या पुडीवर लिहून ठेवू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)