मोटारीच्या इंजिनातील तक्ता

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ असते. माणसाला हा फरक सुखद वाटतो. मोटारीच्या इंजिनाला मात्र तो सोसावा लागतो. कार्ब्युरेटरच्या काळात मुंबईहून घाट चढून बंगळुरास गेलेली गाडी काहीशी सुस्त होई व जास्त पेट्रोल पिई. कारण उघड आहे. हवा कमी झाली तरी कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून पेट्रोल पूर्वीच्याच सढळपणे येत राही. मिस्त्री लोक अशा मिश्रणाला ‘रिच’ म्हणतात. मग मिस्त्री ते छिद्र असलेला पितळी जेट काढून लहान छिद्राचा बसवी, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून ठिणगीची वेळ बदली, आणि कान इंजिनाकडे लावून उभा राही. इंजिनाला किती पेट्रोल द्यावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हे दोन निर्णय म्हणजे इंजिनाची सारी बुद्धी. आणि ती बुद्धी त्या काळी एका स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाशी येऊन ठेपलेली होती.

आज ती एका बंद डबीत आहे. ही डबी कशी आली, आणि ती उघडून आतला मजकूर बदलण्याची कला बंगळुरात का रुजली, याचा वृत्तान्त श्रोत्यांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

ठिणगी आणि इंधन या दोन्ही गोष्टींवर विसाव्या शतकात ज्यांनी सर्वाधिक परिश्रम केले त्यांत जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याचे नाव प्रथम घ्यावे लागेल. उच्च दाबाचा मॅग्नेटो त्यांनी १९०२ मध्ये आणला. डिझेल इंजिनाचा इंधनपंप १९२७ मध्ये. १९५४ साली मर्सिडीझ ३०० एसएल ही प्रसिद्ध स्पोर्ट्‌स मोटार बाहेर पडली, तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारा यांत्रिक पंप होता. पण यंत्राने फवारणे निराळे आणि विचार करून फवारणे निराळे. विजेच्या साहाय्याने इंधनाचे माप ठरवण्याचा पहिला व्यापारी प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७-५८ च्या सुमारास केला. ती साधने फारशी टिकली नाहीत. पण कल्पना टिकली, आणि बॉश कंपनीने तिच्या आधारे १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या अमेरिकेस जाणाऱ्या गाड्यांत आपली ‘जेट्रॉनिक’ पद्धत बसवली.

अमेरिकेसच का? कॅलिफोर्नियाच्या आकाशात धुराचे आवरण साचू लागले होते आणि तेथील कायदा कडक होत चालला होता. १९७० च्या संघीय कायद्याने तर मोटारकारखानदारांची झोपच उडवली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंजिनात संगणक शिरला तो वेग वाढवण्यासाठी नव्हे, धूर कमी करण्यासाठी. तो शिरल्यावर त्याचा उपयोग वेगासाठीही करता येतो, हे नंतर कोणाच्या तरी ध्यानात आले.

१९७९ साली बीएमडब्ल्यू कंपनीच्या ७३२ आय या गाडीत ‘मोट्रॉनिक’ हे साधन बसवले गेले. इंधन आणि ठिणगी या दोहोंचा निर्णय आता एकच अंकीय संगणक करू लागला. तो कसा करतो, हे समजून घेणे कठीण नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना ‘रेडी रेकनर’ ठाऊक असतो: उभ्या रकान्यात एक आकडा, आडव्या ओळीत दुसरा, आणि दोहोंच्या छेदात उत्तर. गणित करण्याची गरजच नाही. इंजिनाच्या संगणकात नेमका असाच तक्ता असतो. एका बाजूस इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूस त्यावरील भार. आणि प्रत्येक चौकटीत ठिणगी पिस्टन माथ्यावर येण्याच्या किती अंश आधी पाडावी हे लिहिलेले. पेट्रोलासाठी तसाच दुसरा तक्ता. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात दर पाच सहस्रांश सेकंदाला एक ठिणगी पडते. तेवढ्या अवधीत गणित मांडत बसण्यापेक्षा तक्ता पाहणे शहाणपणाचे, हे जर्मन अभियंत्यांनी ओळखले. हवेचा दाब मोजणारे साधनही जोडलेले असल्यामुळे मुंबईची गाडी बंगळुरास गेली तरी पेट्रोलाचे प्रमाण आपोआप उतरते. पितळी जेट बदलणाऱ्या मिस्त्रीचे काम तेथे संपले.

आता बंगळुराकडे वळू. या शहराचा आणि मोटारीचा संबंध एका अपयशातून सुरू होतो, आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी दोन तपांच्या आसपास सेवा केली, आणि खडकवासल्यास १९०३ मध्ये त्यांनी पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणारी दारे बसवली. माणसाच्या हाताशिवाय निर्णय घेणारे यंत्र म्हणून त्या दारांकडे पाहिले तर ती आजच्या विषयाच्या दूरच्या नात्यातलीच म्हणावी लागतील. याच विश्वेश्वरय्यांनी १९३५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, युरोप-अमेरिकेचा दौरा करून हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद तिला येऊन मिळाले. म्हैसूर संस्थानही अनुकूल होते. तत्कालीन हिंदुस्थान सरकार मात्र अनुकूल नव्हते. मोटारीचा कारखाना बंगळुरास झाला नाही. डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी तेथे विमानांचा कारखाना काढला, आणि १९४२ मध्ये सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. मोटारीसाठी वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापन केली ती मुंबईस, आणि कुर्ल्याचा कारखाना पुढे दोन पिढ्यांना परिचित झाला.

अशा रीतीने गाडी मुंबईस गेली, पण तिची बुद्धी बंगळुरास आली. १९५१ मध्ये बॉशच्या सहभागाने तेथे मोटार इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. हीच आपली ‘मायको’. आडुगोडीच्या तिच्या कारखान्यात स्पार्क प्लग आणि डिझेलचे इंधनपंप होऊ लागले. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना झाला, आणि तेथील एका चौकास लोक अजून मायको सर्कल म्हणतात. १९९० च्या दशकाअखेरीस बॉशने बंगळुरात संगणकलेखनाचे केंद्र उघडले. जर्मनीबाहेरील त्या कंपनीचे ते सर्वांत मोठे विकासकेंद्र झाले. जगातील कितीतरी मोटारींच्या इंजिनांचे आज्ञालेखन या शहरात बसून होते, आणि ते करणाऱ्यांत पुणे, सांगली, नागपूरच्या महाविद्यालयांतून आलेली मराठी मुले-मुली पुष्कळ आहेत.

आपल्या देशात कार्ब्युरेटर गेला तो न्यायालयाच्या आदेशाने, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानीच्या परिसरासाठी युरोपीय धर्तीच्या धूरमर्यादा लागू केल्या, आणि दीडदोन वर्षांत साध्या मारुतीलाही इंधन फवारणारे इंजिन मिळाले. नेमक्या याच संधिकाळात, १९९८ साली, बंगळूरच्या सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार बाजारात आणली. ती बांधली जाई गोव्यात. अंग काचतंतूचे, इंजिन रेनॉ कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे, साठ अश्वशक्तीचे. गाडी देखणी आणि हलकी होती, पण साठ अश्वशक्ती म्हणजे काही वादळ नव्हे. ती फार खपली नाही. ज्यांच्याजवळ अशी एखादी जुनी गाडी आज आहे, त्यांच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे: इंजिन तेच ठेवून आतला तक्ता बदलला तर?

हा प्रश्न युरोपात १९८० च्या दशकातच विचारला गेला होता. त्या काळी तक्ता एका लहानशा चिपमध्ये असे. तिच्या पाठीवर काचेची खिडकी. तीतून अतिनील प्रकाश सोडला की मजकूर पुसला जाई आणि नवा लिहिता येई. ही चिप खोबणीतून उपटायची, वाचायची, आणि हजारो निनावी आकड्यांतून ठिणगीचा तक्ता कोणता हे हुडकायचे. शिलालेख वाचणाऱ्या संशोधकाला हे काम ओळखीचे वाटेल. आकडे क्रमाने चढत-उतरत आहेत का, आलेख काढला तर टेकडीसारखा आकार दिसतो का, अशा खुणांवरून तक्ता सापडे. पुढे चिप न काढता, निदानासाठी ठेवलेल्या खोबणीतूनच मजकूर बदलता येऊ लागला. बंगळुरात हे ज्ञान आपसूक पसरले. दिवसा कंपनीत अधिकृत तक्ते लिहिणाऱ्यांचे शहर ते. त्याच शहराच्या कार्यशाळांत गाडी रुळांवर बांधून तिची शक्ती मोजणे व तक्ता सुधारणे हा एक व्यवसायच झाला.

लाभ किती होतो, याविषयी बाजारात बरीच अतिशयोक्ती चालते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात हवेचा दाबच वाढवता येतो, तेव्हा फरक ठळक पडतो. सॅन स्टॉर्मसारख्या साध्या श्वासाच्या इंजिनात हवा तेवढीच. तक्ता कितीही चतुराईने लिहिला तरी शंभरात चारपाच भागांहून फार काही हाती लागत नाही. तथापि जुन्या गाडीच्या बाबतीत एक न्याय्य कारण आहे. तिचा तक्ता ज्या काळी लिहिला गेला त्या काळी आपल्याकडील पेट्रोल ८७-८८ ऑक्टेनचे होते. हलक्या पेट्रोलात ठिणगी लवकर पाडली तर इंजिन ‘नॉक’ करते, पिस्टनला इजा होते. म्हणून कारखानदार ठिणगी मुद्दाम उशिराची ठेवी. पुढे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे झाले. तक्ता मात्र जुन्याच पेट्रोलाच्या भीतीने वागत राहिला.

येथे कायद्याचा संबंध येतो, आणि सरकारी नोकर म्हणून मला त्याकडे पाहणे भागच आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकातील तपशील कारखानदाराने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक अनधिकृत बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पण नोंदणीच्या कागदांत रकाना आहे तो अश्वशक्तीचा, तक्त्याचा नाही. बाहेरून पाहणाऱ्या निरीक्षकाला तो दिसतही नाही. कारखानदार सच्चे आणि मालक लबाड, असेही गृहीत धरता येत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने स्वतःच आपल्या डिझेल गाड्यांत परीक्षेच्या वेळी सज्जनपणे वागणारे आज्ञालेखन भरले होते हे उघड झाले, आणि त्याच वर्षअखेर भारतातील तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावून त्यांचे लेखन बदलण्याचे त्या कंपनीने जाहीर केले. जुन्या गाडीचा तक्ता बदलणे हा तेथे अपराध नव्हे, प्रायश्चित्त ठरले.

प्रश्न आता केवळ हौसेचा उरलेला नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाची विक्री सुरू झाली, आणि तो समारंभही बंगळुरातच झाला. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास जाळण्यास १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणास सुमारे साडेतेराच. सावकाश चालताना धुराड्यातील प्राणवायू मोजणारे साधन ही तफावत भरून काढते. पण पाय पूर्ण दाबला की बहुतेक जुने संगणक त्या साधनाकडे दुर्लक्ष करून थेट तक्त्याकडे वळतात, आणि तक्त्याला इथेनॉल ठाऊक नसते. इंधन कमी पडते, ज्वाळा तापते. उलट इथेनॉल नॉक होऊ देत नाही, म्हणजे ठिणगी थोडी आधी पाडून गेलेली शक्ती परत मिळवण्याची संधीही त्यातच आहे. शुद्ध पेट्रोलासाठी बनवलेल्या चारचाकींची इंधनबचत सहा-सात टक्क्यांनी घटेल, आणि इंजिनाचे भाग व तक्ता सुधारल्यास ही घट कमी करता येईल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. रबरी नळ्यांचे काय व्हायचे ते तक्ता बदलून टळत नाही, त्या नव्याच घालाव्या लागतात. पण तक्ता कोणी सुधारावा? ज्या कारखानदाराने गाडी बनवणेच थांबवले, तो सुधारून देणार नाही. आणि मालकाने सुधारला तर तो कलम ५२ च्या कक्षेत येतो की नाही, हे सांगणारा नियम अद्याप लिहिला गेलेला नाही. तोवर असे काम करणारा जाणता कारागीर गाडीतील मूळ तक्ता आधी उतरवून घेतो, त्यावर गाडीचा क्रमांक घालून जपून ठेवतो, आणि मगच नव्या तक्त्याला हात लावतो.