धोटा आणि चरखा : दोन साधनांचा इतिहास

मानवी इतिहासाला कलाटणी देणाऱ्या शोधांची गणना होऊ लागली म्हणजे होकायंत्र, तोफेची दारू, छापखाना, वाफेचे यंत्र ही नावे सर्वांच्या तोंडी येतात. धोट्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. याचे आम्हांस फारसे नवल वाटत नाही. जी वस्तू रोज हाताखाली असते तिचाही काही इतिहास असेल, असे घरातल्या माणसांच्याच मनात येत नाही, मग इतरांची कथा ती काय? तथापि ज्या उलथापालथीस आपण औद्योगिक क्रांती म्हणतो, तिच्या आरंभीच्या पायऱ्यांत एका विणकराच्या धोट्याचे स्थान फार वरचे आहे. विणकर ज्ञातीच्या स्मरणिकेत या विषयाला चार पाने मिळणे उचित होय, असे समजून आम्ही हे लिहिण्यास प्रवृत्त झालो आहोत.

प्रथम चरख्याविषयी. चरखा आपल्या देशात अनादि कालापासून आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. कापूस, टकळी आणि माग यांच्याविषयी तसे म्हणता येईल. कापसातून सरकी वेगळी काढण्याचे लाटण्यासारखे साधन अजिंठ्याच्या चित्रांतही अभ्यासकांनी ओळखले आहे. पण चाक फिरवून सूत काढणाऱ्या चरख्याचा आपल्याकडील सर्वांत जुना निःसंशय उल्लेख १३५० सालचा आहे आणि तो दक्षिणेतलाच आहे. बहामनी दरबाराच्या आश्रयास असलेल्या इसामी नावाच्या कवीने ‘फुतूह-उस-सलातीन’ हा पद्यमय इतिहास फारसीत रचला. त्यात दिल्लीच्या रझिया सुलतानेविषयी लिहिताना, स्त्रीने सिंहासनावर न बसता चरख्यापाशी बसावे, असा अभिप्राय त्याने दिला आहे. चरख्याचा पहिला उल्लेख एका राज्यकर्त्या स्त्रीला दटावण्यासाठी व्हावा, हा योग चमत्कारिक खरा. परंतु त्यावरून एक गोष्ट कळते. चरखा इसामीच्या काळी घरोघर पोहोचला होता आणि तो स्त्रियांच्या हाती होता.

टकळीपेक्षा चरख्यावर कितीतरी अधिक सूत निघे. त्या सुतावर आपल्या मागांनी पुढील कित्येक शतके पूर्व आफ्रिकेपासून इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत लोकांना वस्त्र पुरविले. इंग्लंडात तर हिंदुस्थानी छिटांचे वेड इतके वाढले की तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांनी आरडाओरड केली, आणि पार्लमेंटने १७०० व १७२१ साली कायदे करून ही छिटे अंगावर घालण्याची बंदी केली. पुढे मुक्त व्यापाराची प्रवचने आम्हांस ऐकविणाऱ्यांच्या गिरण्या अशा कुंपणाच्या आड वाढल्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता धोटा. पूर्वी विणकर एका हाताने धोटा ताण्यातून फेकी व दुसऱ्या हाताने झेली. त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या दोन हातांच्या पल्ल्याएवढाच राही. त्याहून रुंद कापड विणायचे तर मागावर दोन माणसे बसवावी लागत. लँकेशायरमधील बरी गावच्या जॉन के याने १७३३ साली यावर तोड काढली. मागाच्या दोन्ही टोकांना त्याने पेट्या बसविल्या. पेट्यांतील ठोकळ्यांना दोरी बांधली आणि ती दोरी विणकराच्या एका हातात दिली. दोरीला हिसका बसला की धोटा धावत पलीकडच्या पेटीत जाई, दुसऱ्या हिसक्यासरशी परत येई. दोन माणसांचे काम एकटा माणूस करू लागला, तेही अधिक वेगाने. शोध म्हणून पाहिले तर यात अद्भुत असे काही नाही. आपल्या सुताराने दोन दिवसांत करून द्यावे, असे ते काम. परंतु त्याने विणणे आणि कातणे यांचा शेकडो वर्षांचा मेळ मोडला. एका मागाला सूत पुरविण्यास आधीच चार-पाच कातणारी माणसे लागत. आता माग वेगाने चालू लागला आणि सुताचा दुष्काळ पडला.

हा दुष्काळ इतका जाणवला की एकाच माणसाला एका वेळी सहा धागे कातता येतील असे यंत्र करणारास बक्षीस देण्याचे १७६१ साली लंडनच्या कला व उद्योग यांस उत्तेजन देणाऱ्या मंडळीने जाहीर केले. १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्ज या विणकराने आठ चात्यांचा चरखा केला. पुढे आर्कराइटचे पाण्यावर चालणारे यंत्र १७६९ साली आणि क्रॉम्प्टनचे महीन सूत काढणारे यंत्र १७७९ साली आले. मग सूत इतके झाले की विणणारे पुरेनात. तेव्हा कार्टराइट नावाच्या धर्मोपदेशकाने १७८५ साली यंत्रमागाचा आराखडा केला. एक साधन पुढे गेले की दुसरे मागे पडते, आणि त्याला गाठण्यासाठी तिसरे शोधावे लागते, अशी ही शर्यत होती.

या शोधकांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. केच्या धोट्याचा उपयोग कारखानदारांनी सर्रास केला, परंतु त्याचा मोबदला देण्याचे नाकारले. इतकेच नव्हे तर त्याने फिर्याद केल्यास खर्च वाटून घ्यावा म्हणून आपसांत मंडळ स्थापिले. के फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. हारग्रीव्ह्जची यंत्रे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मोडली. क्रॉम्प्टनच्या पद्धतीच्या चात्या १८११ साली चाळीस लाखांच्या वर गेल्या होत्या. त्याला पार्लमेंटने १८१२ साली पाच हजार पौंड देऊन वाटेला लावले. धनाढ्य झाला तो आर्कराइट. तो मूळचा न्हावी व केसांचे टोप करणारा. त्याचे स्वत्वाधिकार न्यायालयाने १७८५ साली रद्द केले. पण तोवर त्याने कारखाना कसा उभारावा, शेकडो माणसांना घंटेच्या ठोक्यावर कसे राबवावे, हे साधले होते. आमच्या मते खरा शोध हाच. चाती आणि धोटा ही त्याची हत्यारे होती.

इंग्रज अभ्यासकांनी मांडलेला एक हिशेब येथे देतो. शंभर पौंड कापसाचे सूत काढण्यास हिंदुस्थानातील हातकताईला पन्नास हजार तास लागत. क्रॉम्प्टनच्या यंत्राला ते काम आरंभी दोन हजार तासांत, आणि १८२५ च्या स्वयंचलित यंत्राला एकशे पस्तीस तासांत जमू लागले. अशा यंत्रांच्या तोंडी घालण्यास कापूस हवा होता. तो अमेरिकेच्या दक्षिण भागातून आला. व्हिटनीच्या सरकी काढणाऱ्या यंत्राने (१७९३) श्रम वाचले, असे शाळेत शिकवितात. वस्तुतः १७९० साली तेथे सुमारे सात लाख गुलाम होते, ते १८६० साली चाळीस लाखांच्या घरात गेले. श्रम कोणाचे वाचले हे त्यावरून कळते.

स्वतः इंग्लंडातील हातमागवाले तरी सुखी राहिले काय? प्रथम वीस-तीस वर्षे स्वस्त सुतामुळे त्यांची चैन होती. नंतर यंत्रमाग आला. बोल्टनच्या विणकराला शतकाच्या आरंभी आठवड्यास पंचवीस शिलिंगांच्या आसपास मजुरी मिळे, ती १८३० च्या सुमारास सहा-सात शिलिंगांवर उतरली. १८११ पासून यंत्रे फोडण्याचे प्रकार झाले. सरकारने १८१२ साली यंत्र फोडण्यास देहान्त शिक्षा ठेवली. कवी बायरन याने सरदारांच्या सभेत त्याविरुद्ध भाषण केले, ते वाया गेले. यॉर्क येथे १८१३ साली सतरा जण फासावर चढले. या लोकांना अडाणी म्हणण्याची रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. ते आपल्या कामात निष्णात असे कारागीर होते आणि आपले काय जाणार हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आपल्या देशात या शोधांचा परिणाम कसा झाला, हे सांगताना ढाक्याच्या विणकरांचे अंगठे इंग्रजांनी तोडले, ही कथा हमखास येते. १७७२ साली बोल्ट्स याने लिहिलेल्या ग्रंथात आहे ते निराळे, आणि आमच्या मते अधिक दारुण आहे. कंपनीच्या गुमास्त्यांनी जबरीने राबवू नये म्हणून रेशीम उकलणाऱ्यांनी आपले अंगठे आपणच कापून घेतले, असे तो म्हणतो. हे सर्व जुलमाचे झाले; यंत्र अद्याप आले नव्हते. यंत्राचा घाव १८२० नंतर पडला, आणि तो प्रथम मागावर पडलाच नाही. तो चरख्यावर पडला. विलायती सूत १८२४ साली हिंदुस्थानात सव्वा लाख पौंडांच्या आतबाहेर आले होते. १८२८ साली ते चाळीस लाख पौंड आले.

त्याच १८२८ साली बंगालमधील ‘समाचार दर्पण’ या पत्रात शांतिपूरच्या एका विधवेचे पत्र छापले गेले. ऐन तारुण्यात तिचा पती वारला. पदरी तीन मुली, घरी वृद्ध सासूसासरे. तिने चरख्यावर संसार चालविला, मुलींची लग्ने केली, सासऱ्याचे उत्तरकार्य केले. विणकर तिच्या दारी येऊन सूत नेत, मागितल्यास आगाऊ रक्कमही देत. मग ते येईनासे झाले. बाजारात सूत पाठविले तरी पूर्वीच्या भावाच्या चौथ्या हिश्शानेही कोणी घेईना. चौकशी करता विलायतेहून सूत येते असे कळले. ते सूत तिने पाहिले; ते आपल्या सुतापेक्षा चांगले आहे हे तिने मोकळेपणाने कबूल केले. त्याचे कापड मात्र दोन महिन्यांत जीर्ण होते, असेही तिने नमूद केले आहे.

हे पत्र विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाने वाचले म्हणजे तो क्षणभर अस्वस्थ होतो. तिच्या दारी येईनासा झालेला तो विणकर आपल्यातलाच कोणी. त्याला दोष देण्याचे धैर्य आम्हांस नाही. विलायती कापडाशी त्याला टक्कर द्यायची होती आणि स्वस्त, न तुटणारे सूत हा त्याचा एकच आधार होता. पण माग टिकला तो चरखा सोडून टिकला, ही गोष्ट नाकबूल करता येत नाही.

पुढचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. १८७७ साली नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल चालू झाली, सोलापुरासही गिरणी आली. या गिरण्यांचे पुष्कळसे सूत हातमागवाल्यांनीच घेतले. नंतर विसाव्या शतकाच्या आरंभी हॅवेल, चॅटर्टन प्रभृतींच्या खटपटीने केचा धावता धोटा आपल्या खड्डामागांवर चढू लागला. जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांनी तो येथे रुळला, याचे कारण विणकराचा हट्टीपणा नव्हे. हातसुताचा ताणा त्याचा हिसका सोसत नसे. गिरणीचे सूत तो सोसू लागले. तेलंगणातून सोलापुरास आलेल्या कित्येक विणकर कुटुंबांनी हा धोटा आपलासा करून लुगड्यांचा व्यापार वाढविला. इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. १९४२ च्या सरकारी चौकशी समितीला देशातील मागांपैकी सुमारे एकतृतीयांश मागांवर धावता धोटा आढळला. पैठणीच्या पदराला मात्र तो शिवला नाही. तेथे रंगारंगाच्या तिल्ल्या बोटांनीच फिरवाव्या लागतात. ज्या वस्त्रापुढे हा शोध निरुपयोगी ठरला, तेच वस्त्र आज सर्वांत मोलाचे गणले जाते, ही गंमत आमच्या पैठणकर आणि येवलेकर बांधवांस सांगावयास नको.

विणकराला ज्ञाती होती. पेठ होती, पंच होते, पुढे सहकारी संस्था आल्या, आणि आपल्यासारख्यांचे संघ झाले. म्हणून त्याच्या हालांची दाद लागली, निदान नोंद तरी झाली. सूत कातणाऱ्या स्त्रीला असे काही नव्हते, कारण ती सर्वच जातींत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. बुकॅनन याने बिहारची पाहणी केली, तेव्हा एकट्या पाटणा-गया भागात ३,३०,४२६ स्त्रिया सूत कातीत असाव्यात असा त्याचा अंदाज निघाला. एवढ्या स्त्रियांचा धंदा बुडाला; पण कोठे सभा भरली नाही, अर्ज गेला नाही. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तोवर त्यांनी चरखा डोळ्यांनी पाहिला नव्हता, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे गंगाबेन मजुमदार यांनी गुजरातभर शोध केला तेव्हा बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो माळ्यावर पडलेला सापडला. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. चरखा खेड्यातील झोपडीत चालावा, किंमत दीडशे रुपयांवर नसावी, अशा अटी होत्या. १७६१ च्या लंडनच्या बक्षिसाला हे आपल्या देशाने दिलेले उत्तर म्हणावे लागेल. ते कोणालाही मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर एकांबरनाथन यांचा अंबर चरखा आला. तोवर दीडशे वर्षे निघून गेली होती.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात या धंद्यात ३५ लाख २२ हजार माणसे आढळली. त्यांत शंभरी सत्तरांहून अधिक स्त्रिया आहेत. आपल्या घरी कांड्या भरणे, ताणा लावणे ही कामे त्याच करीत आल्या. तथापि आपल्या ज्ञातीचे जे कुलवृत्तांत आम्ही चाळले, त्यांत मागावर बसणाऱ्यांचीच नावे आढळतात. सबब आमची ज्ञातिबांधवांस विनंती अशी की, ज्यांच्या घरी आजी, पणजी वा आत्या यांच्या कामाची माहिती, त्यांच्या हातची एखादी चाती, फणी अथवा चरख्याचा सांगाडा, किंवा या कामातले त्यांच्या तोंडचे शब्द कोणास आठवत असतील, त्यांनी ते टिपून गावाच्या व त्या स्त्रीच्या नावासह संघाच्या कार्यालयाकडे पाठवावेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांसाठी स्वतंत्र पाने राखून ठेवण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे.