महाड परिसरातील पाषाणविद्या : लेण्यांपासून ओट्यापर्यंत

आमच्या तळीये गावास सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. दि. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून येथील ८० हून अधिक माणसे दगावली, हे ज्ञातिबांधवांस विदितच आहे. त्यानंतर पुनर्वसनाची घरे उभी राहिली. नव्या घरांतून चूल आणि मोरी मागे पडून दगडी ओटा व त्यात बसविलेले सिंक रूढ झाले आहे. म्हणून दगड कापण्याच्या विद्येचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महाडनजीक गांधारपाले येथे सुमारे ३० बौद्ध लेणी आहेत. तेथील कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर पोखरला. परंतु वरचा भार पेलेल इतका दगड जागच्या जागी राखला. अधिक तुटलेला दगड पुन्हा जोडता येत नाही, हे ते जाणत होते. पुढे रायगडावरही कातळात टाकी खोदली गेली. तेथील बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वर मंदिराच्या शिलालेखात आजही वाचावयास मिळते.

ओट्याच्या फरशीचा नियमही तोच. प्रथम कडप्पा व नंतर ग्रॅनाइट घरोघरी आले. सिंकचा आकार आखून जाणता कारागीर आधी चारही कोपऱ्यांवर गोल छिद्रे पाडतो आणि मग त्यांच्यामधील रेषा कापतो. कारण काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. पुढची व मागची पट्टी अरुंद राहिल्यास ती उचलतानाच मोडते. म्हणून खालून आधार दिल्यावाचून तो शेवटचा काप घेत नाही.

एक भेद मात्र ध्यानी घ्यावा. आपल्या कातळात मुक्त सिलिका फारच थोडी. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये ती विपुल असते. पूर्वी छिन्नीने जाड कपचे उडत; आता यंत्राच्या कोरड्या पात्याने सूक्ष्म धूळ उडते व ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस जडतो. या व्याधीने झालेली हानी भरून येत नाही. कृत्रिम क्वार्ट्‌झच्या फरशांत सिलिकेचे प्रमाण याहूनही अधिक; म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांवर बंदी घातली.

यास्तव आमची विनंती इतकीच : ओटा घालताना पात्यावर पाणी सोडण्यास सांगावे, कारागिराच्या तोंडावर योग्य मुखपट्टी आहे ना हे पाहावे, आणि त्यासाठी चार पैसे अधिक पडले तरी ते आनंदाने द्यावेत. दगड राखून कापण्याची शिकवण पूर्वजांनी दिली. कापणारा राखणे हे आपल्या पिढीचे कर्तव्य होय.