मुंबईंत जन्मलेली काबूलची राजकन्या

अफगाणिस्तानाचें नांव निघालें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें पहिल्यानें पानिपत उभें राहतें, आणि त्यांत नवल कांहींच नाहीं. परंतु ज्या अहमदशहा अब्दालीनें १७६१ सालीं आपला तो घात केला, त्याच्या नातवांची पुढें काय गति झाली हें आपल्यांत फारसें कोणी विचारीत नाहीं. शहाझमान हा त्याचा एक नातू. त्याचे डोळे भावाच्याच हुकुमानें काढण्यांत आले, आणि हा आंधळा राजा अखेर इंग्रजांच्या आश्रयानें लुधियान्यास राहून तेथेंच वारला. दुसरा नातू शहाशुजा. तोहि त्याच गांवीं पेन्शन खात बसला होता. १८३९ सालीं इंग्रजी फौजेच्या खांद्यावर बसून तो काबुलास परत गेला आणि १८४२ त तेथें मारला गेला. पुढें आलेल्या बारकझाई घराण्याची कथाहि याहून फारशी निराळी नाहीं. दोस्त महंमदास मसुरी पाहावी लागली, याकुबखानास डेहराडून, आणि मैवंदच्या रणांत इंग्रजांस धूळ चारणाऱ्या अयुबखानास लाहोर. काबूलच्या तख्तावरून उतरलेल्या माणसाची वाट बहुधा हिंदुस्थानांतच येऊन पोंचत असे, आणि येथें त्यास एक बंगला, एक नेमणूक व पाळतीवर एखादा साहेब एवढें मिळत असे.

याच वाटेनें पुढें अमानुल्लाखान आले. २३ मे १९२९ रोजीं चमन येथें सरहद्द ओलांडून ते हिंदुस्थानांत शिरले, तेथून मुंबईस पोंचले, आणि ७ जून रोजीं मुंबईंत त्यांच्या राणीस मुलगी झाली. आईबापांनीं तिचें नांव 'इंडिया' असें ठेविलें. आमच्याकडे मुलींस गंगा, गोदावरी, कृष्णा अशीं नद्यांचीं नांवें देण्याचा प्रघात जुना आहे. परंतु संकटकाळीं ज्या देशाच्या उंबऱ्यावर आलों त्या सबंध देशाचें नांव लेकीस देणारा राजा आमच्या तरी वाचनांत दुसरा नाहीं. या मुलीची व तिच्या आईबापांची हकीकत वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमानुल्लाखान गादीवर आले तेव्हां त्यांस सत्ताविसावें वर्ष चालू होतें. २० फेब्रुवारी १९१९ रोजीं त्यांचे वडील अमीर हबीबुल्ला हे लघमान प्रांतांत शिकारीच्या मुक्कामीं असतां कोणीं तरी गोळी घालून त्यांस ठार केलें. मारेकरी कोण, याचा समाधानकारक निकाल इतिहासांत लागलेला नाहीं. चुलते नसरुल्लाखान यांनीं जलालाबादेस स्वतःची द्वाही फिरविली. परंतु पुतण्याच्या हातीं काबूल होतें, आणि काबुलांत खजिना व शस्त्रागार होतें. चुलत्यांस लौकरच शरण यावें लागलें. मे महिन्यांत या तरुण राजानें इंग्रजांशीं लढाई आरंभिली. रणांगणाच्या हिशेबानें पाहतां तींत अफगाणांनीं मोठासा विजय मिळविला असें म्हणतां येत नाहीं. उलट इंग्रजी विमानानें काबुलावर बाँब टाकून शहराचा थरकांप केला. परंतु महायुद्धानें थकलेल्या इंग्रजांस नवें युद्ध परवडणारें नव्हतें. ८ ऑगस्ट १९१९ रोजीं रावळपिंडीस तह झाला. परराष्ट्रीय कारभार अफगाणांच्या हातीं आला, आणि इंग्रजांकडून अमिरास मिळणारी सालिना रक्कम बंद झाली.

या दुसऱ्या गोष्टीकडे चरित्रकार सहसा ओझरतेंच पाहतात. आमच्या मतें पुढील दहा वर्षांचें दुखणें येथेंच सुरू झालें. पूर्वीं अमिराच्या खर्चास इंग्रजी रुपया हात देत असे. आतां शाळा, रस्ते, कचेऱ्या, दारुलअमान नांवाची नवी राजधानी, या सर्वांचा भार शेतकऱ्याच्या साऱ्यावर आणि जकातीवर पडला. ज्या शिपायाच्या खांद्यावर तख्त उभें असतें त्याच्या पगारांत मात्र काटकसर होऊं लागली. स्वातंत्र्य आलें, परंतु त्याची किंमत कोणीं भरावयाची याचा विचार कोणीं नीट केला नाहीं.

आतां राणीविषयीं. सुरय्या यांचा जन्म १८९९ त दमास्कस येथें झाला, कारण त्यांचे वडील महमूद तर्झी हे स्वतःच निर्वासित होते. अमीर अब्दुर्रहमानानें या घराण्यास देशोधडीस लाविलें होतें, आणि तुर्की सुलतानाच्या मुलुखांत तर्झींचें तारुण्य गेलें. अब्दुर्रहमानामागून हबीबुल्ला गादीवर आल्यावर ते काबुलास परतले व 'सिराजुल् अखबार' हें पत्र त्यांनीं १९११ पासून चालविलें. त्या देशांतील अर्वाचीन विचारांची पहिली खरी पेठ म्हणजे हें पत्र. त्यांचे जांवई अमानुल्ला हे त्यांचेच शिष्य म्हणावयास हरकत नाहीं. १९२१ सालीं राणीनें काबुलांत मुलींची शाळा उघडली, आणि राणीच्या आईनें त्याच सालीं स्त्रियांकरितां 'इर्शादुन्निस्वान' हें साप्ताहिक काढिलें. सासू पत्र चालविते, सासरा परराष्ट्रमंत्री, पत्नी शाळेवर देखरेख करिते, आणि जांवई राजा! एका कुटुंबानें एक देश बदलावयास घेतला होता. त्यांतच त्याचें सामर्थ्य होतें आणि त्यांतच त्याची उणीवहि होती, कारण त्या कुटुंबाच्या दिवाणखान्याबाहेर या विचारांस घर मिळालें नव्हतें.

१९२३ च्या राज्यघटनेनें गुलामगिरी बंद केली. काबुलांतील हिंदूंवरचा जिझिया व त्यांस निराळ्या रंगाचें पागोटें घालण्याची सक्ती हींहि राजानें काढून टाकिलीं होतीं. परंतु १९२४ त खोस्त प्रांतांत एका लंगड्या मुल्लाच्या पुढारपणाखालीं बंड उठलें, आणि तें शमविण्याच्या धांदलींत राजास हे दोन्ही निर्बंध पुन्हां मान्य करावे लागले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस या राजाविषयीं आपुलकी वाटत आली आहे, त्यांनीं ही माघार ध्यानांत ठेवावी. पुढच्या मोठ्या माघारीची ती रंगीत तालीम होती.

१९२७ च्या डिसेंबरांत राजाराणी युरोपच्या प्रवासास निघालीं आणि मुंबईसच जहाजावर चढलीं. मुंबईंत त्यांचें स्वागत थाटाचें झालें, व हिंदु-मुसलमानांनीं सलोख्यानें राहावें असा उपदेश राजानें तेथें केला. इजिप्त, इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान, इराण, असा हा सात महिन्यांचा फेरा झाला. बर्लिन येथें तर त्यांनीं भुयारी रेल्वेची नवी गाडी स्वतः हांकून पाहिली, आणि त्या जातीच्या गाड्यांस बर्लिनकर पुढें कित्येक वर्षें 'अमानुल्ला' असेंच म्हणत. इटलीच्या राजानें त्यांस आपल्या घराण्याचें सर्वोच्च मानचिन्ह दिलें. हें चिन्ह ज्यास मिळे तो इटलीच्या राजाचा भाऊबंद समजला जाई. त्या वेळीं ही केवळ दरबारी शोभा वाटली असेल. दीड वर्षानें तिचा खरा उपयोग झाला.

१९२८ च्या जुलैंत परत येतांच राजानें पघमान येथें देशांतील सुमारें एक हजार प्रतिनिधींची जिर्गा भरविली. डोंगराळ मुलुखांतल्या या दाढीवाल्या सरदारांस काळे कोट, पाटलोणी व हॅटी घालून बसविण्यांत आलें. सक्तीचें लष्करी शिक्षण, लग्नाच्या वयाची मर्यादा, स्त्रियांचा पडदा दूर करणें, यांसारख्या गंभीर प्रश्नांवर तेथें बोलणें झालें. पण घरीं परतलेल्या सरदारांच्या तोंडीं राहिली ती पाटलोण. या राजाच्या कारकीर्दींत सर्वांत महाग पडलेली वस्तु कोणती असें कोणीं विचारल्यास आम्ही तो काळा कोटच दाखवूं. मुस्तफा कमाल यांनीं 'आधीं फौज बळकट करा' असें त्यांस सुचविलें होतें म्हणतात. युरोपांतल्या मेजवानीस उघड्या मुखानें बसलेल्या राणीचीं छायाचित्रें याच सुमारास टोळ्यांच्या मुलुखांत हातोहात फिरूं लागलीं.

हीं चित्रें इंग्रजांनींच फिरविलीं काय? हिंदुस्थानांत त्या काळीं ही समजूत सार्वत्रिक होती. तीस जोर येण्यास कारणहि घडलें. अरबस्तानच्या लढाईंत गाजलेले कर्नल लॉरेन्स हे 'शॉ' असें नांव घेऊन सरहद्दीवरील मिरामशाहच्या विमानदलांत सामान्य शिपायाची नोकरी करीत होते. ही बातमी फुटतांच सरकारनें त्यांस घाईघाईनें मुंबईमार्गें विलायतेस धाडिलें. संशयास याहून चांगलें खाद्य कोणतें? तथापि लॉरेन्सनें बंड उभारिलें असा पुरावा पुढें आलेला नाहीं, आणि पुराव्यावांचून तो आरोप आम्ही करणार नाहीं. बंड उठण्यास अफगाणिस्तानांतच पुरेसा दारूगोळा सांठला होता.

नोव्हेंबर १९२८ त शिनवारी टोळी उठली. बंडखोरांच्या मागण्यांत मुलींच्या शाळा बंद कराव्या ही होती, तर्झी घराण्यास देशाबाहेर घालवावें ही होती, आणि राजानें राणीस तलाक द्यावा हीहि होती. राज्यक्रांत्या पुष्कळ वाचल्या. परंतु राजाच्या संसारांत असा हात घालणारी मागणी क्वचितच आढळते. उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी, ज्यास लोक 'बच्चा-इ-सक्का' म्हणजे पाणक्याचा पोर म्हणत, तो काबुलावर चालून आला. उपाशी व नाराज फौज पांगली. तेव्हां राजानें एकामागून एक माघार घेतली: शाळा बंद, तुर्कस्तानांत शिकावयास पाठविलेल्या मुली परत, पडदा पूर्ववत्. राणीस मात्र त्यांनीं सोडिलें नाहीं.

या जागीं आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. अमानुल्लांचे टीकाकार त्यांस उतावळा म्हणतात, भक्त त्यांस काळाच्या पुढें गेलेला म्हणतात. हे दोन्ही पक्ष त्यांच्या कारकीर्दीचा आरंभ पाहून बोलतात. आम्ही शेवट पाहतों. पत्नीची बाजू न सोडण्याइतका तो पुरुष खरा होता, हें कबूल. पण काबूलच्या ज्या मुलींस त्यानें घराबाहेर काढून पाटी हातीं दिली, त्यांचे बाप त्याच्या शब्दावर विसंबले होते. त्यांस मात्र ऐन वेळीं त्यानें वाऱ्यावर सोडिलें. वेग जास्त झाला हा त्याचा दोष क्षम्य आहे. हा दुसरा दोष आम्हांस तितका क्षम्य वाटत नाहीं.

१४ जानेवारी १९२९ रोजीं अमानुल्लांनीं थोरल्या भावास गादी देऊन काबूल सोडिलें. तारीख पानिपतची, योगायोग, दुसरें कांहीं नाहीं. भाऊ तीनच दिवस राजा होता. पाणक्याच्या पोरानें शहर घेतलें, आणि इंग्रजी विमानांनीं त्या हिवाळ्यांत बर्फाच्या डोंगरांवरून ५८६ माणसें काबुलाबाहेर काढून पेशावरास आणिलीं. तीन दिवसांचा तो राजाहि त्याच मार्गानें बाहेर पडला. कंदाहाराहून अमानुल्लांनीं एकदां परत चाल केली, गझनीपर्यंत मजल मारिली, आणि तेथून पाय मागें घेतला. नंतर चमन, नंतर मुंबई. दीड वर्षापूर्वीं जेथून ते पाहुणे म्हणून निघाले त्याच बंदरांत आतां त्यांच्या गर्भवती राणीस दिवस मोजीत थांबावें लागलें. कन्या जन्मली, आणि त्याच महिन्यांत सर्व मंडळी इटलीस रवाना झाली. मानचिन्ह देणाऱ्या राजानें आसरा दिला. डेहराडूनचा बंगला व इंग्रजी नेमणूक एवढें तरी या राजानें टाळलें.

यानंतरचीं एकतीस वर्षें थोडक्यांत सांगण्यासारखींच आहेत. ऑक्टोबर १९२९ त नादिरखानानें काबूल घेतलें व स्वतःच राजा झाला. तर्झी पुन्हां निर्वासित झाले व १९३३ त इस्तंबूल येथें वारले. अमानुल्ला २५ एप्रिल १९६० रोजीं झूरिक येथें वारले, आणि त्यांचा देह जलालाबादेस वडिलांच्या कबरीजवळ पुरण्यांत आला. १९६८ त रोम येथें सुरय्या वारल्या. त्यांसहि तेथेंच नेण्यांत आलें, आणि ज्या देशांत त्यांच्या तलाकाची मागणी झाली त्या देशानें त्यांचा अंत्यविधि सरकारी इतमामानें केला. पुढें १९७३ त नादिरखानाचे पुत्र झहीरशहा पदच्युत झाले. ते कोठें राहिले? इटलींतच. ज्या घराण्यानें अमानुल्लांस परत येऊं दिलें नाहीं, त्याचाहि राजा त्याच देशाच्या आश्रयास २००२ पर्यंत राहिला.

आणि मुंबईची ती मुलगी? आमच्या लेखणीस इंडियाबाई असेंच लिहावेंसें वाटतें. त्या युरोपांत वाढल्या. वडिलांच्या देशाशीं त्यांचा पहिला परिचय घरांतल्या बोलण्यांतून झालेला. तालिबानांची पहिली राजवट २००१ त मोडल्यावर, ज्या वयांत माणसें नातवंडांत रमतात त्या वयांत, त्या अफगाणिस्तानांत जाऊं येऊं लागल्या. तेथें त्यांनीं गरजूंच्या मदतीचीं कामें उभीं केलीं, आणि आजोबांच्या नांवानें काबुलांत महमूद तर्झी सांस्कृतिक प्रतिष्ठान स्थापिलें. अध्यक्ष हमीद करझाई यांच्या सरकारनें त्यांस युरोपांतील सन्मान्य सांस्कृतिक राजदूत नेमिलें. गादीवर हक्क सांगावयास त्या गेल्या नव्हत्या, हें आम्हांस विशेष वाटतें. बापानें हुकुमानें जें करूं पाहिलें त्यांतलें जमेल तेवढें लेकीनें वर्गणीनें व ओळखीपाळखीनें केलें. तें प्रमाणानें लहान होतें, पण त्यासाठीं कोणाच्या अंगावर कोट चढवावा लागला नाहीं.

१५ ऑगस्ट २०२१ रोजीं तालिबान पुन्हां काबुलांत शिरले. इंडियाबाई तेव्हां ब्याण्णव वर्षांच्या होत्या. २०२३ सालीं त्या वारल्या, तेव्हां सहावीपुढच्या मुलींच्या वर्गांस कुलूप लागून दोन वर्षें झालीं होतीं, आणि त्यांच्या आईनें शाळा उघडली त्यास एकशें दोन.