आमचा पटवारी आणि कॉडसाहेब

आमच्या वर्धा जिल्ह्यात इतिहास फार. परगावचा पाहुणा आला, की त्याला सेवाग्राम आणि पवनार दाखवता दाखवता दोन दिवस कसे जातात ते कळत नाही, आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसवताना यजमान आणि पाहुणा दोघेही नको तितके सात्त्विक झालेले असतात. पण आमच्या इतिहासातलं एक प्रकरण मात्र पाहुण्याला कुणी दाखवत नाही. १९८८-८९ साली केंद्र सरकारने जमिनीची दप्तरं कॉम्प्युटरवर चढवून पाहायचं ठरवलं आणि त्यासाठी सगळ्या देशातून आठ जिल्हे निवडले. आंध्रातला रंगारेड्डी, आसामातला सोनितपूर, तेव्हाच्या बिहारातला सिंगभूम, गुजरातचा गांधीनगर, ओरिसाचा मयूरभंज, राजस्थानचा डुंगरपूर, मध्य प्रदेशातला मोरेना (म्हणजे चंबळचं खोरं, तिथे जमीन कुणाची हे सांगायला पूर्वी दप्तरापेक्षा बंदूक जास्त उपयोगी पडत असे) आणि महाराष्ट्रातला, पुणं नव्हे, मुंबई तर नव्हेच, आमचा वर्धा! खर्च शंभर टक्के केंद्राचा.

आता तुम्हीच सांगा, याचं एखादं स्मारक नको? चौकात निदान एक दगडी की-बोर्ड तरी? पण नाही. ज्या गावानं चरख्याला जगात नाव मिळवून दिलं, त्या गावाला कॉम्प्युटरचं कौतुक सांगायची लाज वाटत असावी.

वर्धाच का निवडला, याचं मी माझ्यापुरतं उत्तर ठरवून टाकलं आहे. सरकारला कॉम्प्युटरची परीक्षाच घ्यायची असणार, आणि परीक्षेला पेपर अवघडच काढतात. उर्वरित महाराष्ट्राची बरीचशी दप्तरं मुंबई इलाख्याच्या वळणाची. आमची नागपूरकडची, म्हणजे मध्य प्रांताची. आमच्याकडे तलाठी नव्हता, पटवारी होता. सजा नव्हता, हलका होता. गाव नव्हतं, मौजा होता. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर मालगुजार बसलेला होता. १९५१ साली मालगुजारी गेली. मग प्रत्येक वावर नक्की कुणाचं हे नव्यानं लिहिणं आलं, म्हणून १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आली, आणि तिच्यात भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन नवे प्राणी जन्माला आले. १९५६ साली आम्ही मध्य प्रदेशातून उठून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६७ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. पटवाऱ्याचा कागदोपत्री तलाठी झाला. लोक अजून पटवारीच म्हणतात. शेतकऱ्याचं वावर मात्र या सगळ्या काळात एक इंचही हललं नाही. राज्यंच त्याच्यावरून ये-जा करत होती.

अशा दप्तराचा मी अभ्यासक झालो तो निवृत्तीनंतर. तीस वर्षं पोरांना पानिपत शिकवलं, तेव्हा आता आपल्या गावाचा इतिहास लिहावा अशी हुक्की आली. गाव सेलू तालुक्यातलं. वडिलांच्या लोखंडी पेटीत अधिकार अभिलेखाच्या नकला, सातबारे, फेरफाराचे उतारे असा तीन पिढ्यांचा कागद निघाला, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या पेट्या आणून त्यात भर घातली. कागदाचा ढीग पाहून पुण्याहून सुटीवर आलेला भाचा म्हणाला, "मामाजी, याचा डेटाबेस करा."

मला वाटलं, आता रंगीत चौकटी आणि खिडक्या येतील. पण त्यानं लॅपटॉपवर एक काळा पडदा उघडला. वर काही नाही, खाली काही नाही, कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकतोय. "माऊसला हात लावायचा नाही मामाजी. जे पाहिजे ते लिहून विचारा. हे एसक्यूलाईट आहे." मी म्हटलं, "हे तर तहसील कचेरीसारखंच झालं. तिथेही अर्ज लिहून द्यावा लागतो, आणि समोर काही दिसत नाही."

या एसक्यूलाईटची जन्मकथा मला फार आवडली. २००० साली रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन गृहस्थानं ते बनवलं. काम होतं त्यांच्या आरमाराच्या युद्धनौकेवरच्या एका यंत्रणेचं. मोठे डेटाबेस चालवायला एक कारभारी लागतो. तो नसला की सगळं ठप्प. हिपला कारभाऱ्याशिवाय चालणारा डेटाबेस हवा होता, सगळा मिळून एक फाईल, बास. म्हणजे तलाठी नसलेला सजा! आणि वर हे सगळं फुकट, कुणाचाही हक्क नाही, गावच्या गायरानासारखं. अमेरिकेच्या युद्धनौकेसाठी काढलेली वस्तू सेलू तालुक्यातली तूर-कपाशीची वावरं मोजायला बसली, ती अशी.

पण खरा मूळपुरुष एडगर कॉड. इंग्लंडात जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवलेला, नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये लागलेला गणिती. त्याच्या आधी कॉम्प्युटरात माहिती ठेवायची पद्धत म्हणजे जुना वाडा. माजघरातलं काही हवं असेल तर दिंडी दरवाजातून शिरा, ओसरी ओलांडा, मग डावीकडे. वाट चुकलात की वस्तू सापडत नाही. १९७० साली कॉडनं एक निबंध लिहून सांगितलं, की वाटा विसरा. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि एका तक्त्याचं दुसऱ्याशी नातं जोडायचं ते दोन्हींत असलेल्या एका सामाईक रकान्यानं. आयबीएमचा जुन्या पद्धतीचा धंदा जोरात चालू असल्यामुळे त्यांना हे फारसं रुचलं नाही. १९७४ साली चेंबरलिन आणि बॉईस या दोघांनी या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा केली, तिचं नाव ठेवलं सीक्वेल. बॉईस बिचारा त्याच वर्षी, तिशीही न गाठता गेला. पुढे त्या नावावर इंग्लंडातल्या एका विमान कंपनीचा हक्क निघाला, म्हणून कापून एसक्यूएल केलं. म्हणजे भाषेच्या नावाच्याही 'इतर हक्कात' बोजा होताच. कॉडला १९८१ साली त्या विद्येतला सगळ्यांत मोठा, ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

आता माझा मुद्दा असा, की हा पुरस्कार आमच्या दप्तराची पद्धत घालणाऱ्यांना मिळायला काय हरकत होती? गाव नमुना सात घ्या: त्यात जमिनीचा नंबर, आणि कब्जेदारापुढे खाते क्रमांक. आठ-अ घ्या: त्यात तोच खाते क्रमांक, आणि त्या खात्याच्या सगळ्या जमिनी. नमुना सहा म्हणजे फेरफार: त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर नावाशेजारी. सामाईक रकाना, तक्त्याला तक्ता जोडलेला! भाच्यानं याला 'जॉईन' म्हटलं. पटवारी याला काहीच म्हणत नसे. बिडी विझवून दोन दप्तरं शेजारी शेजारी उघडत असे.

भाच्यानं मला दुसरी गोष्ट शिकवली ती 'बिगिन' आणि 'कमिट'ची. बिगिन म्हणायचं, मग हवे ते बदल करायचे. ते तेव्हा कच्चे असतात. कमिट म्हटलं की पक्के. मन बदललं तर 'रोलबॅक', जसंच्या तसं. तो मोठ्या अभिमानानं सांगत होता. मी त्याला थांबवलं. फेरफाराची नोंद झाली की पटवारी सातबाऱ्यावर आधी पेन्सिलीनं लिहीत असे. चावडीवर नोटीस लागे, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार आणि तेव्हा कुठे पेन्सिलीवरून शाई फिरणार. हरकत निघाली तर खोडरबर. कमिट आणि रोलबॅक अजून काय वेगळं असतं?

एका बाबतीत तर आमचा पटवारी कॉडच्याही पुढे. एसक्यूएलमध्ये 'डिलीट' नावाचं एक भयंकर शस्त्र आहे. 'डिलीट फ्रॉम खातेदार' लिहून पुढे 'व्हेअर' लिहायच्या आत अर्धविराम टाकला, की सगळं गाव निर्वंश. (अर्धविराम टाकल्याशिवाय मात्र ते काही ऐकत नाही. ठिपक्यांची रांग दाखवून 'अजून काही सांगायचंय का?' म्हणून वाट बघत बसतं. इतका अदबशीर श्रोता मला तीस वर्षांच्या नोकरीत भेटला नाही.) पटवारी कुणालाच पुसत नसे. माणूस मेला, जमीन विकली, तरी जुनं नाव तसंच ठेवून त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालायचा. सातबाऱ्यावर आजोबा, पणजोबा आपापल्या कंसात शांत बसलेले असतात.

नावांचा घोळ मात्र कॉम्प्युटरला मुळीच खपत नाही. एका नावाची दोन गावं असली की काय होतं ते आमच्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायला लागली. शेवटी १९४० साली सेगावचं नावच बदलून सेवाग्राम केलं. प्रत्येकाला वेगळा क्रमांक हवा, हा डेटाबेसचा पहिला नियम पोस्ट खात्यानं आम्हाला आधीच शिकवला होता. पण माणसांना क्रमांक कोण देणार? त्या १९८८ च्या प्रयोगाची मला म्हणूनच दया येते. तेव्हा कॉम्प्युटरला मराठी यावं म्हणून आत जिस्ट नावाचं वेगळं कार्ड बसवावं लागे, आणि मराठी आल्यावरही ऱ्हस्व-दीर्घाचं काय? पुढे योजना देशभर पसरली, २००८ साली तिचं नाव बदललं, २०१६ साली पुन्हा बदललं, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. तीस वर्षं लागली. लोक नावं ठेवतात. मी स्वतः चारशे ओळी टाईप केल्यापासून ठेवत नाही.

त्या चारशे ओळींत माझी आत्या होती. म्हणजे असायला हवी होती. आजोबा १९७१ साली गेले. वारस आजी, वडील, काका आणि आत्या. मी विचारलं, 'सिलेक्ट स्टार फ्रॉम फेरफार व्हेअर नाव = अन्नपूर्णा'. उत्तर काही नाही, नुसता ठिपका. भाचा म्हणाला, "लाईक वापरा, अन्न लिहून पुढे टक्क्याची खूण." तसं केल्यावर आत्या निघाली, दोन रूपांत: अन्नपुर्णा आणि अन्नपुर्णाबाई. १९७१ च्या फेरफारात मुलगे कब्जेदार सदरी आणि मुलगी 'इतर हक्कात'. त्या काळी अशीच रीत होती. १९५६ च्या कायद्यानं मुलीला वारस केलं तरी तिचं नाव माजघरातून ओसरीवर यायला तयार नसे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकांच्या नावे जमीन करून द्यायची लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तीही १९८९-९० च्या सुमारास.

मग सहज म्हणून मी दोन तक्ते जोडून प्रश्न टाकला: ज्यांची नावं आधी होती आणि नंतरच्या सातबाऱ्यावर नाहीत, त्यांना कंस कुठल्या फेरफारानं झाला? सगळ्या गावातून एकवीस नावं निघाली. वीस नावांपुढे क्रमांक होता: विक्री, वाटणी, मृत्यू. एकविसाव्या नावापुढे रकाना मोकळा. कॉम्प्युटरच्या भाषेत नल.

नल म्हणजे शून्य नव्हे, हे भाच्यानं मला अर्धा तास समजावलं. नल म्हणजे माहीत नाही. म्हणून नल दुसऱ्या नलच्याही बरोबर होत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या दप्तरात याचे दोन शब्द आहेत. तपासून पाहिलं आणि काही नाही, तर पटवारी 'निरंक' लिहितो. तपासलंच नाही, तर रकाना कोरा राहतो. आत्याच्या नावापुढे निरंक नव्हतं, कोरं होतं. तिनं हक्कसोड लिहून दिलं नव्हतं, कुणी विकत घेतलं नव्हतं, कुणाची हरकत नव्हती. सातबाऱ्याचं पुस्तक भरलं की दर दहा वर्षांनी ते नव्यानं उतरवून काढत. त्या पुनर्लेखनात कुणाच्या तरी हातून एक ओळ उतरायची राहिली. घरातल्या सगळ्यांनी इतकी वर्षं "आत्यानं सोडून दिलं ना तेव्हाच" असं धरून चाललं होतं, कारण ते सोयीचं होतं.

चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "खाजवून खरूज कशाला काढतोस?" त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही, कपाशीचं पीककर्ज त्याच सातबाऱ्यावर उचललेलं आहे. रात्री दोन वेळा मी त्या फाईलसमोर बसलो. एक 'अपडेट' लिहून त्या कोऱ्या रकान्यात कुठलाही क्रमांक टाकला असता तर माझ्या इतिहासातली ती ओळ सुबक झाली असती. तिसऱ्या दिवशी पुलगावला आत्याकडे गेलो.

आत्या आता ऐंशीची. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यायनं म्हटलं, आत्यानं सोडलं. मले कोनी इचारलं होतं काय?"

"आत्या, कलम १५५ खाली लेखनचूक दुरुस्त होते. तहसीलदाराकडे अर्ज करावा लागेल."

"विहिरीवालं वावर ना ते? चिंचेखालचं?"

"हो, तेच."

ती थोडा वेळ गप्प बसली. नातसुनेनं आणलेला चहा तिनं बशीत ओतला, पण प्यायली नाही.

"लिही अर्ज," म्हणाली. "आन् अंगठ्याची डबी आनू नको, बाप्पा. चवथी शिकली आहो मी. सही करीन."

केली. 'अन्नपूर्णा', दीर्घ ऊकारासकट, सावकाश. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. तिचा क्रमांक आणि तारीख मी त्या काळ्या पडद्यावर टाईप करून ठेवली, अर्धविराम दिला, कमिट केलं. निकालाचा रकाना अजून नल आहे.