घरावर सोलर बसवताय? शेवटचा हप्ता देण्याआधी वायरिंग, अर्थिंग आणि मीटरचे हे नियम तपासा

दिघाशी (ता. भिवंडी) : पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पॅनल कुठल्या कंपनीचं, किती वॉटचं, हे सगळेच विचारतात. वायर कसली आणि अर्थिंगचे खड्डे किती, हे फार कमी जण विचारतात. आग आणि शॉकचा धोका मात्र तिथेच असतो.

आधी कागद

वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. अर्जावरचं आणि बिलावरचं नाव जुळलं नाही की काम अडतं. भिवंडी परिमंडळात २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवर वीजवितरण पाहते. मीटरचं काम बिलावर ज्यांचं नाव आहे त्याच कार्यालयातून होतं.

ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली बदल झाला. त्यानुसार १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला तांत्रिक तपासणीची वेगळी मंजुरी लागत नाही. तरी वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. गावातला ओळखीचा पोरगा कितीही हुशार असला तरी परवाना बघा. अनुदानासाठी ठेकेदार योजनेत नोंदलेलाही असावा लागतो.

छतावरची डीसी वायर

५४० वॉटचे सहा पॅनल एका ओळीत जोडले की सुमारे ३०० व्होल्ट डीसी दाब तयार होतो. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी लवकर विझते. डीसीचं तसं नाही. सैल जोडात ठिणगी पेटली की पेटतीच राहते. म्हणून :

- पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत सोलरसाठीचीच डीसी केबल हवी. तिच्यावर आयएस १७२९३ हे मानक छापलेलं असतं. घरगुती वायर उन्हात तडकते.
- डीसी बाजूला डीसीचाच एमसीबी किंवा आयसोलेटर लागतो. घरातला साधा एमसीबी तिथे चालत नाही.
- डीसीत लाल वायर धन आणि काळी ऋण. घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, पण इथे काळी वायरही जिवंत असते. हात लावायचा नाही.
- केबल पाइपातून न्यावी. पत्र्याच्या कडेवर किंवा कौलांवर लोंबकळत ठेवू नये.

अर्थिंग : तीन खड्डे

एक खड्डा पॅनल, सांगाडा आणि डीसी बाजूसाठी. दुसरा इन्व्हर्टर आणि एसी बाजूसाठी. तिसरा फक्त वीजरोधकासाठी. 'एकातच सगळं जोडतो, काही होत नाही' असं कोणी म्हणालं तर काम थांबवा. अर्थिंगचा रोध ५ ओहमपेक्षा जास्त नसावा. तो यंत्राने तुमच्यासमोर मोजून कागदावर लिहून घ्या. मुरमाड जागेत जमीन वाळली की रोध वाढतो, म्हणून मे महिन्यात पुन्हा मोजा. नळाच्या पाइपला अर्थिंग कधीच जोडू नका.

लाईट गेली की सोलर का बंद?

'एवढे पैसे घातले आणि लाईट गेली की हेही बंद!' ही तक्रार नेहमीची. पण हा बिघाड नाही, नियम आहे. बॅटरी नसलेल्या संचाने लाइन बंद होताच २ सेकंदांत वीज सोडणं थांबवायचं असतं. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. ही सोय बंद करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

लाईट नसतानाही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि गरजेचे दिवे-पंखे वेगळ्या सर्किटवर काढा. घरी जनरेटर असेल तर चेंजओव्हर असा बसवा की जनरेटर आणि सोलर कधीच एकत्र येणार नाहीत.

आग लागली तर

आधी एसी स्विच, मग डीसी आयसोलेटर बंद करा. ऊन आहे तोवर पॅनलकडची वायर जिवंतच राहते. पाणी मारू नका, जोड ओढून काढू नका. अग्निशमन दलाला 'छतावर सोलर आहे' हे आधी सांगा.

शेवटच्या हप्त्याआधी हे हातात घ्या

१. वायरिंगचा नकाशा आणि ठेकेदाराच्या परवान्याची प्रत
२. तिन्ही खड्ड्यांचे मोजलेले आकडे
३. पॅनल व इन्व्हर्टरचे क्रमांक आणि वॉरंटी कार्ड
४. पाच वर्षांच्या देखभालीची लेखी हमी
५. नेट मीटर बसल्याचा कागद

नेट मीटर लागेपर्यंत संच चालू करू नका. साधं मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकतं, आणि मग बिल उलटं वाढतं. मृगाच्या आधी दरवर्षी एकदा जोड, पाइप आणि सांगाड्याचे नट तपासून घ्या. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं म्हणतात, पण खालचा जोड तेवढा टिकला तरच.