सुत्त आणि सूत : चौकटीतून साकारणारे बुद्धरूप

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपट्यानंतर जिते हे स्थानक लागते. पेण तालुक्यातील जिते, हमरापूर आदी गावे मूर्तिकारांच्या कारखान्यांमुळे सर्वत्र ज्ञात आहेत. पावसाळ्यात या मार्गाने जाताना बांधांनी आखलेली भातखाचरे दृष्टीस पडतात. पालि विनयाच्या अभ्यासकास हे दृश्य पाहून महावग्गातील एका प्रसंगाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चारिका करीत असता तथागतांनी मगधातील शेते पाहिली. उभे-आडवे बांध, त्यांमधील चौकोन आणि बांध परस्परांस छेदतात तेथील चौक, ही रचना त्यांनी आनंदांना दाखविली व भिक्खूंसाठी अशी चीवरे करता येतील काय, असे विचारले. आनंदांनी तशी चीवरे सिद्ध केली. थोडक्यात सांगितलेले विस्ताराने जाणणारा म्हणून तथागतांनी त्यांची प्रशंसा केली. याला आजच्या अर्थाने चौकटपद्धती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि विस्तीर्ण भूमीवरील आकृती चौकोनांच्या आधारे लहानशा वस्त्रावर उतरविणे, हे आनंदांच्या कार्याचे मर्म होते. चित्रकलेचा नवशिका विद्यार्थी चौकोन आखून लहान चित्र मोठे करतो, तेव्हा तोही याच तत्त्वाचा आश्रय घेतो.

आकृतीस प्रमाण देणारे जुने साधन म्हणजे सूत. पालि भाषेत 'सुत्त' या शब्दाचा एक अर्थ धागा असा आहे. सुताराच्या काळ्या दोरीस 'काळसुत्त' म्हणतात. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी 'समन्तपासादिका' या अट्ठकथेत 'सुत्त' शब्दाचे अनेक अर्थ दिले आहेत. त्यांपैकी एकाचा आशय असा, की सुतारास जसे सूत प्रमाण, तसे सुज्ञांस सुत्त प्रमाण. बुद्धवचनाच्या नावाचा अर्थ उलगडताना आचार्यांना कारागिराच्या हातातील दोरीची उपमा योग्य वाटली, ही गोष्ट लक्षणीय आहे. 'भिंत सुतात आहे' असे आपल्याकडील गवंडी म्हणतो, तेव्हा तोही त्याच शब्दाचा वारसा चालवीत असतो.

चित्रकाराचे कसब पालि साहित्यास अपरिचित नव्हते. लाख, हळद, नीळ व मंजिष्ठ घेऊन घोटलेल्या फळीवर, भिंतीवर वा वस्त्रावर सर्वांगपूर्ण मानवी रूप रेखाटणाऱ्या चित्रकाराचा दृष्टान्त संयुत्तनिकायात आहे. चुल्लवग्गात विहाराच्या भिंतींवर स्त्रीपुरुषांची चित्रे काढण्यास मनाई असून माला, लता, मकरदंत अशा नक्षीस अनुमती आहे. बुद्धप्रतिमेची प्रथा त्यानंतरच्या काळातील होय.

ही प्रतिमा प्रमाणबद्ध कशी करावी, याचे बीज मात्र निकायांतच सापडते. दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांपैकी एक 'निग्रोधपरिमण्डल' असे आहे. पसरलेल्या दोन्ही बाहूंची लांबी शरीराच्या उंचीइतकी असणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे बुद्धरूपाची पहिली चौकट एक समचौरस ठरते. पुढे 'दशतालन्यग्रोधपरिमण्डलबुद्धप्रतिमालक्षण' या नावाचा संस्कृत ग्रंथ रचला गेला. त्याच्या शीर्षकात पालि सुत्तातील लक्षण आणि शिल्पशास्त्रातील तालमान एकत्र आलेले दिसतात. एक ताल म्हणजे बारा अंगुले. दहा तालांची १२० अंगुले. तिबेटातील परंपरेत हे मान रेषांच्या जाळ्यात बसविले गेले, आणि थांका चित्रकलेचा विद्यार्थी आजही प्रथम रंगविलेल्या दोरीने पटावर रेषा उमटवून मगच रूप काढू लागतो.

नवशिक्यास हे मान समजणे कठीण नाही. उभ्या बुद्धरूपासाठी १२० समान भागांची उभी रेषा घ्यावी. चेहऱ्यास १२ भाग. कंठापासून हृदयापर्यंत १२, हृदयापासून नाभीपर्यंत १२, नाभीपासून जांघेपर्यंत १२. मांडीस २४ आणि पोटरीस २४. ही बेरीज ९६ होते. उरलेले २४ भाग उष्णीष, केश, मान, नितंबसंधी, गुडघा व पाऊल या सहा स्थानांस प्रत्येकी ४ प्रमाणे द्यावेत. तयार चित्र भिंतीवर मोठे करावयाचे असल्यास मूळ चित्रावर एक सेंटिमीटरचे व भिंतीवर दहा सेंटिमीटरचे चौकोन आखावेत. उभ्या ओळींस अक्षरे व आडव्या ओळींस अंक द्यावेत, म्हणजे चौकोन चुकत नाही. नंतर एकेका चौकोनात रेषा कोठे शिरते व कोठून बाहेर पडते एवढेच पाहावे. आपल्या वस्त्यांतील भिंतींवर जयंतीनिमित्त रंगविली जाणारी बाबासाहेबांची भव्य चित्रे अनेकदा याच रीतीने मोठी केलेली असतात.

रायगड जिल्ह्यातीलच कुडे येथील लेण्यांकडे या दृष्टीने पाहावे. तेथील सहाव्या लेण्याच्या शिलालेखानुसार शिवम नावाच्या गृहस्थाने लेणे दिले, त्याच्या पुत्रांनी 'सेलरूपकम' म्हणजे दगडातील रूपांचे काम दिले आणि कन्यांनी स्तंभ दिले. शिवमचा भाऊ शिवभूती हा लेखक होता, अशीही नोंद आहे. दात्यांची नावे आपणास वाचता येतात. ज्या हातांनी सूत धरून ती रूपे कोरली, त्यांची नावे त्या लेखात नाहीत.

हे मौन आपणास विचार करावयास लावते. जातिव्यवस्थेने हातातील कौशल्य जन्माशी जखडले. ती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. प्रमाणविद्येचे स्वरूप याच्या अगदी उलट आहे. तालमान ही केवळ बौद्धांची मिरास नव्हे, हे मान्य केले पाहिजे. ब्राह्मणी शिल्पग्रंथांतही ते आढळते. पण १२० भागांची रेषा कोणीही आखू शकतो. तिला कुळ विचारता येत नाही.

जिते परिसरातील कारखान्यांत साच्यातून हजारो मूर्ती निघतात, आणि त्या कामाचे कौशल्य निःसंशय मोठे आहे. साचा मात्र एकच रूप पुनःपुन्हा देतो. मान शिकलेल्या हातास नवे रूप घडविता येते. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात चित्रकला शिकण्यास आरंभ केला आणि मिटल्या डोळ्यांच्या बुद्धाऐवजी उघड्या डोळ्यांचा, जगाचे दुःख पाहणारा बुद्ध त्यांनी पसंत केला. डोळे कोठे असावेत हे चौकट सांगते. ते उघडे असावेत की मिटलेले, हा निर्णय चित्रकाराचा असतो. आपल्या विहारांतील मुलामुलींच्या हाती पट्टी, पेन्सिल व सूत देऊन हे प्रमाण शिकविले, तर बुद्धरूप ती विकत आणण्यापुरती राहणार नाहीत. ते स्वतः रेखाटतील, आणि त्याखाली आपले नावही लिहितील.